परवापासूनचे नातेवाईक

जगात अनोळखी माणूस नावाची काही चीज असते, यावर मुळीच विश्वास नसलेला एकच इसम मी पाहिला आहे आणि तो माझा आतेभाऊ आहे. राहतो जळगाव जामोदला. बुलढाण्याला आमच्याकडे यायला निघाला की एसटीतल्या शेजाऱ्याला पहिला प्रश्न, "कोणतं गाव हो तुमचं?" गाव कळलं की आडनाव, मग मामाचं आडनाव, मग बहीण कुठे दिली, मोताळा येईपर्यंत तो माणूस आमचा कोणीतरी लागायला लागतो. एकदा तर सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला याने आमच्या सोफ्यावर बसवलं आणि बायकोला म्हणाला, "वहिनी, चहा टाका, हे तुमच्या मावशीचे चुलत दीर." बायको अजून मला विचारते की माझ्या मावशीला असा दीर आहे हे मलाच कसं माहीत नाही! संताप येई मला. माणसाने दोन घटका गप्प बसावं की नाही?

तर हा शेतकीचा पदवीधर वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या कृषी केंद्रात फवारणीच्या बाटल्या विकत होता. आत्या एकटी, गुडघ्यांनी अधू, तिला सोडून पुण्याला जायचं नाही हा हट्ट. अशात एका बियाणे कंपनीने आपल्याच जिल्ह्यात फिरतीची जागा काढली. आत्याचा मला फोन आला, "एवढी लागू दे रे बापा त्याले. याच्यानंतर वय निघून जाते." काम काय, तर गावोगाव जाऊन शेतकऱ्यांशी बोलायचं! मला वाटलं, सोमवारी मुलाखत आणि मंगळवारी हा रुजू. पण कंपनीने आधी मोबाइलवर परीक्षा घेतली, मग फोनवर मुलाखत, मग उमेदवारांना गोल बसवून चर्चा, मग विषयाची तोंडी, आणि शेवटी मोठ्या साहेबांची भेट. सेनापती नेमायचा असता तरी कोणी एवढं खोदून पाहिलं नसतं. गोलातल्या चर्चेत सगळे एकमेकांच्या अंगावर धावून बोलत असताना हा म्हणाला, "अबे, या नांदुऱ्याच्या पोराले बोलू द्या आधी, त्याची बस आहे." तरी पास झाला.

घात झाला तो तोंडीत. सोयाबीनवरचे सगळे प्रश्न याने धडाधड सोडवले आणि साहेबांनी खूश होऊन विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" याने काय विचारलं असेल ते सांगायला नको. साहेब निघाले चिखलीचे, आणि दहा मिनिटांत ते याच्या चुलत मेहुण्याचे साडू ठरले. पुढे कंपनीत भरतीचं काम बघणाऱ्या बाईंचा, सगळ्या उमेदवारांना येतो तसा, फोन आला, "आमच्याकडे तुमचं कोणी नातेवाईक आहे का?" शहाणा माणूस नाही म्हणतो. हा अभिमानाने म्हणाला, "आहेत ना! तोंडी घेतली ते साहेबच."

"कधीपासून?"

"परवापासून."

नातेवाइकाने घेतलेली मुलाखत बाद, असा त्यांचा नियम. सगळं पुन्हा मोबाइलच्या परीक्षेपासून! मी डोक्याला हात लावला. "तुले कोणी सांगितलं होतं बे सांगायले?" मीसुद्धा वऱ्हाडीवर आलो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, लागतात त लागतात. काऊन खोटं बोलू?" वर त्या बाईंनी त्याला बजावलं, की यापुढे कोणालाही वैयक्तिक प्रश्न विचारायचे नाहीत, विचारलं तेवढंच बोलायचं. आत्यासाठी त्याने तेही पाळलं. सगळ्या पायऱ्या पुन्हा चढला आणि मोठ्या साहेबांसमोर ओठ मिटून बसला. विचारलं तेवढंच बोलला.

निकाल आला तेव्हा तो आमच्याकडेच उतरला होता. विषयाचं ज्ञान उत्तम, संवादकौशल्य अपुरं, सबब निवड नाही.

संवादकौशल्य अपुरं! याचं! मी त्या बाईंना फोन लावून जे काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ज्या माणसाला दगडालाही बोलतं करता येतं, त्याचं तोंड यांनीच शिवायचं आणि वर त्यालाच मुका म्हणायचं? बाई म्हणाल्या, "सर, प्रक्रियाच तशी आहे." आग लागो त्या प्रक्रियेला.

दुसऱ्या दिवशी त्याला बसवून द्यायला स्टँडवर गेलो. आदल्या संध्याकाळपासून तो काही बोललाच नव्हता. फक्त निघताना म्हणाला, "आईले तूच सांग दादा, मले नाही जमणार." खिडकीशी बसला. शेजारी पांढरी टोपी घातलेले एक म्हातारबाबा येऊन बसले, पिशवी मांडीवर घेतली, याच्याकडे पाहून हसले. हा बाहेर बघत राहिला. मी खिडकीखाली उभा राहून वाट पाहिली. कंडक्टर चढला, दार लागलं, तरी याचा आवाज नाही. माझा जीव तुटला. शेवटी न राहवून मीच टाचा उंचावून ओरडलो, "बाबा, कोणतं गाव हो तुमचं?"

बाबांनी काहीतरी सांगितलं. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. आतेभावाने मात्र मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात गाडी फाटकाबाहेर पडली.