ओठ तिचे, आवाज अक्काचा

फोन हातात दिला की अक्का आधी एका कानावर तळवा दाबून धरायची, डोळे मिटायची आणि विचारायची, “किसका बोलना? उमर क्या? रोना है के डाँटना है?”

एवढं सांगितलं की झालं. मग आमच्यापैकी कुणाची बहीण, कुणाची थोरली जाऊ, कधी एखादी कडक मॅडम तिच्या तोंडून बोलायला लागायची. पलीकडचा नोकरीचा एजंट मुकाट ‘जी मॅडम’वर यायचा आणि आम्ही चादरींच्या ढिगाआड तोंडात ओढणी कोंबून हसायचो.

इथे आखातात, इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या लाँड्रीत आमची दोघींची इस्त्रीची मशीनं शेजारी शेजारी. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, वेटरांचे कोट. मी चिपळूणकडची, आठवीतून शाळा सोडलेली. फोनवर कुणी साहेब आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. अक्का तेलुगू मुलखातली, तिकडच्या गोदावरीकाठची. मला ‘चेल्ली’ म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण.

पूर्वी हैदराबादला ती तेलुगू सिनेमातल्या हिरोइनींचा आवाज होती. तुम्हीही असे सिनेमे पाहिले असतील. हिरोइन मुंबईहून आणलेली, गोरीपान, तेलुगूचा एक शब्द येत नाही. “वो कैमरे के सामने एक-दो-तीन-चार बोलती थी,” अक्का सांगायची, “मैं उसके होंठ पे प्यार रखती थी.”

आणि त्या प्रेमाला शब्द तरी किती? हिरोने वाट अडवली की चिडायचं, हात धरला की ‘सोड, सोड’ म्हणायचं, शेवटी त्याच्यावरच भाळायचं. “एक दिन पूरा ‘छोड़ो’ बोली मैं. शाम को डायरेक्टर बोलता, अम्मा, थोड़ा शरमा के छोड़ो.” असं म्हणून ती पन्नाशीची बाई लाजून दाखवायची आणि आमची हसून मुरकुंडी वळायची.

मग दिवस पालटले. हिरोइनी तेलुगू शिकल्या, आपल्या तोंडानं बोलायला लागल्या. वकील झाल्या, पोलीस झाल्या, हिरोशिवाय सिनेमे ओढायला लागल्या. अक्काचं काम सुटलं आणि ती इथे आली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर अशीच एक नवी सिरीज लागली होती. हिरोइन भर कोर्टात गरजत होती, उच्चार मात्र कच्चे. आमच्यातल्या तेलुगू पोरी फिदीफिदी हसल्या. अक्का ताडकन म्हणाली, “हँसो मत. ग़लत बोली, पर अपना बोली.” अर्धा डबा तसाच झाकून उठून गेली.

माझी आई गावी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा रजा मागायचा फोन मला करवेना. अक्काने घेतला. “मैं सुनंदा बोलती.” माझाच आवाज, माझाच कोकणी हेल, फक्त त्यातली भीती काढून टाकलेली. रजा मिळाली. आई माझ्या मांडीवर गेली. हे उपकार मी कुठे फेडू?

पुढे अक्काचं मशीन मधेच भडकायला लागलं. तिने सुपरवायझरला सांगितलं होतं, माझ्यासमोर. त्याने नुसती मान हलवली. एका सकाळी कोटांचा गठ्ठा करपला आणि नाव अक्काचं आलं. जेवणाच्या सुट्टीनंतर ऑफिसात बोलावणं. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, आणि घरी मुलगी नर्सिंगच्या मधल्या वर्षाला.

“अक्का, सरळ सांग. मशीन खराब है, मैंने बताया था.”

“किसका बोलना?”

“अगं, तुझंच!”

तिला कळेचना. शेवटी मी म्हटलं, “एक औरत है. लाँड्री में. तेरे उमर की. ग़लती उसकी नहीं.”

मग ती जे बोलली, काय सांगू! शेजारच्या पोरींनी हातातले घास खाली ठेवले. एक नेपाळी मुलगी डोळे पुसत म्हणाली, “इन्शाल्ला, हो जाएगा अक्का.”

साक्षीला म्हणून मलाही आत घेतलं. साहेब वाईट नव्हता. “नाम?” त्याने विचारलं. अक्काने नाव सांगितलं आणि तिथेच थांबली. स्वतःचं नाव घेतल्यावर पुढचं काही येईना. साहेबाने वाट पाहिली, खरंच पाहिली.

“सॉरी सर,” ती म्हणाली. पातळ, घोगरा आवाज. इतक्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता.

मी मधे पडले, “सर, मशीन...”

“तुमको पूछा क्या?” सुपरवायझर म्हणाला. “वो ख़ुद सॉरी बोल रही. खलास.”

विमानतळाच्या व्हॅनमध्ये चढताना तिने माझ्या गालाला हात लावला.

त्या मशीनवर आता दुसरी बाई आहे. ते अजून भडकतं.

अक्काने दिलेल्या गावच्या नंबरावर मी शुक्रवारी फोन लावते. तेलुगूत कुणी बाई काहीतरी सांगते, रेकॉर्ड केलेलं. नंबर बंद आहे, असंच म्हणत असणार. मला शब्द कळत नाहीत. तरी ती बाई बोलायची थांबेपर्यंत मी फोन कानावरून काढत नाही.