बंद शेडमधला बाजा

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफी असावी. मी चौथी शिकलेली. ठाण्यात बायांची झडती घ्यायला बाई हवी होती, म्हणून शिपाई झाले. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण ते प्रकरण अजून मनातून जात नाही.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते. भिलाई-३ नावाच्या वस्तीत रुळाशेजारी एका म्हाताऱ्या ठेकेदार साहेबांची टिनाची शेड होती. बंद पडलेल्या क्लबांतून ते जुने पियानो विकत आणत; फटीत पैसा टाकला की आपोआप वाजणारे. आत भोकं पाडलेला कागद फिरायचा आणि बोटं नसताना पट्ट्या खाली जायच्या. साहेब जमिनीवर लोळून फाटके भाते चिकटवत. मुका बाजा बोलू लागला की वस्तीला चहा पाजत. रविवारी सगळ्यांना ऐकायला बोलावत. वाडग्यात जुने पैसे ठेवलेले असत, टाकायला.

ते आणखी एक बाजा आणायला कलकत्त्याला गेले आणि कुलूपबंद शेडमधून गाणं येऊ लागलं. किल्ली झाडझूड करणाऱ्या विधवेकडे होती. तिनं साहेबांच्या मेलेल्या बायकोला बाज्यात बसवलं, ती टोनही, म्हणजे चेटकीण, असं वस्तीनं ठरवलं. पंचांनी तिच्याकडून साठ रुपये दंड घेतला. तरी गाणं थांबेना. मग दूधवाल्यानं ठाण्यात खबर दिली, "तिले झोपडीसकट जाळतो म्हनून राहिले."

थानेदारांनी तिला आधी ठाण्यात आणून बसवलं. पंचांचे जबाब घेतले. सगळ्यांचं एकच, "आमाले काही माहीत नाही जी."

भर दुपारी आम्ही तिला घेऊन शेड उघडली. आत तापलेल्या टिनाचा वास. बाहेरून गिट्टीची मालगाडी गेली, जमीन हादरली आणि समोरच्या बाज्याच्या पट्ट्या एकेक करून खाली बसू लागल्या. समोर कोणी नव्हतं. थानेदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मले बी भेव वाटते," ती बाई म्हणाली. "म्हनून मी बाज्याच्या मागूनच झाडते."

मी भिंतीला टेकूनच उभी होते. तिथून मला पैशाच्या फटीवर नारिंगी डाग दिसला. शेंदूर. कोणी तरी बाज्याला नवस बोललं होतं.

संध्याकाळी मी साध्या लुगड्यात हापशीवर गेले. मला मान वर करून बोलता येत नाही; बहुधा म्हणूनच बाया माझ्याशी बोलत.

"बाज्याले नवस बोललं तर पावते का व?" मी विचारलं.

"या पोलिसीनले बी लेकरू पाहिजे वाटते!" एक म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या. मुकादमाची बायको तेवढी हसली नाही. त्या विधवेला जाळा म्हणून सगळ्यांत जास्त ओरडली होती तीच.

ती घागर तिथंच सोडून माझ्या मागे आली. "बाई, पैसा मीच टाकला, साहेब जायच्या आधीच्या रविवारी. माहं लेकरू जगत नाही. साहेबाच्या बाईलेही लेकरू नोतं. वाटलं, बाज्यात थेच वाजवत असन, माहं आयकन."

"मग त्या गरिबाचं नाव कावून घेतलं?"

"बाजा आपोआप वाजाले लागला. माह्यावर येईन म्हनून भ्याली."

साहेब परतले. त्यांनी बाजा उघडून दाखवला. वाडग्यातला पैसा नवसाला कसा चालेल, म्हणून तिनं स्वतःचा नवा पैसा टाकला होता. तो लहान, त्यात तेलातला शेंदूर. आतल्या विजेच्या पट्टीला चिकटून लटकला होता. भरलेली गाडी गेली की हादऱ्यानं टेकायचा आणि वीज जोडली जायची.

मी यातून एवढंच शिकले: सगळ्यांत मोठ्यानं बोट दाखवणाऱ्याला आधी विचारावं, तुला कशाची भीती वाटते. आणि ते ओरडून विचारू नये.

थानेदारांनी दंड परत करायला लावला. पंच येत, नोटा तिच्या दाराबाहेर जमिनीवर ठेवून निघून जात. बाजा उघडलेला पाहूनही तिला शिवायची हिंमत कोणाला होईना. उरलेले पाच रुपये मुकादमाच्या बायकोनं आणले. तिनं त्या बाईचा हात धरला, नोट तळव्यावर ठेवली आणि मूठ मिटली. हात मात्र लगेच सोडला नाही. साठ रुपये पुरे झाले.