शिंपल्याची जागा

वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यांच्या मधल्या भागात जीवाश्मांचं राखीव क्षेत्र आहे. प्रत्येक सहलीतून एक दगड आणून चिठ्ठी लावून डबीत ठेवायची, वहीत नोंदवायची माझी सवय, म्हणून दगड झालेला एक शिंपला मी तिथून रुमालात बांधला. फाटकावर म्हाताऱ्या राखणदाराने तो हेरला.

"बाई, उचलला तेव्हा पालथा होता की उताणा?"

मला आठवेना. "वहीत नोंद नाही वाटतं?" सोबत आलेले हे हसले.

"चला, जागाच सांगेल," राखणदार म्हणाला.

मी तो उचलला होता त्या खडकापाशी आम्ही परतलो; तिथे त्याच्याएवढी एकच खळगी होती. पालथा ठेवलेला शिंपला डुगडुगला. उताणा करताच अलगद बसला. समुद्र इथून गेला तेव्हापासून त्याची जागा ठरलेली होती. माझ्याकडे त्याच्यासाठी फक्त एक डबी होती.