घर तुमचं, वाट माझी

आमच्या पेठेत आत्याबाई कुणाच्याही घरात दार न वाजवता शिरायच्या. पदर खोचलेला, कमरेवर घागर, आणि घरमालकाने तोंड उघडायच्या आत ठरलेला शब्द, "वहिवाट हाय." झालं! पुढे तहसीलदार काय नि कलेक्टर काय. बापजाद्यांपासून जे वापरात आहे ते वापरणाऱ्याचं, कागदावर असो वा नसो, हा त्यांचा कायदा. या शब्दाने माझं डोकं तेव्हाही फिरायचं आणि आजही फिरतं, पण कारण आता वेगळं आहे.

धारूरला किल्ल्याच्या वाटेवर, वेशीबाहेर ही जुनी पेठ. शाळेतल्या माझ्या सोबतच्या शिक्षकांनी शहाण्यासारखे रोडलगत प्लॉट घेतले. मला दगडी चौकटी आणि माळवदाचा गारवा हवा होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते. या पेठेत घर घेणं म्हणजे चारी भिंतींचे वाटेकरी घेणं, हे मला कुणी सांगितलं नाही. खरेदीखतात चतुःसीमा स्वच्छ लिहिली होती, पूर्वेस आत्याबाईंचं घर, पश्चिमेस आडाचा बोळ. या दोहोंच्या मधून, म्हणजे बरोब्बर माझ्या चौकातून, आत्याबाईंची पाण्याची वाट जाते, एवढंच विकणाऱ्या लबाडाने गिळलं होतं.

पहिल्याच सकाळी मी बनियनवर दाढी करत बसलो होतो. आत्याबाई आल्या, चौकातून गेल्या आणि भरली घागर घेऊन परत आल्या. मी ओरडलो, "अहो बाई, हे घर मी विकत घेतलंय!"

"घर तुमचंच हाय की," त्या म्हणाल्या, "वाट माजी हाय. आन् गालाला साबण ऱ्हायलाय."

मी खुंटी ठोकायला घेतली की भिंतीपलीकडून हाक यायची, "कोण हाय रं त्यो? भिंत दोघांची हाय, इचारून ठोका!" त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर येसराच्या आमटीचं पातेलं. भांडणाचा आणि आमटीचा त्यांच्या लेखी काडीचा संबंध नव्हता. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. माझ्या बायकोला टायफॉईड झाला, तेव्हा महिनाभर आमचंही पाणी आत्याबाईंनीच आडावरून भरलं. वर मलाच दरडावलं, "का म्हून बसलाव असं? भाकरी येत न्हाई तर भात तरी टाका की!"

एवढं करूनही मी कृतघ्नच. बीडहून मेहुणा आला आणि हसला, "दाजी, घर घेतलं की रस्ता?" ते मला झोंबलं. मी मागच्या दाराला कुलूप घातलं. आत्याबाई रिकामी घागर घेऊन माझ्या पायरीवर बसल्या आणि सगळी पेठ गोळा केली. म्हाताऱ्यांनी शपथा घेतल्या, वाट हाय म्हणजे हाय! चारचौघांत मला कुलूप काढावं लागलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी अबोला धरला.

नेमका त्याच दिवसांत त्यांचा भाचा दिगंबर आला. आत्याबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. भाऊ गेल्यावर घर निम्मं त्यांचं, निम्मं या दिगंबरचं. तो मोठ्या गोडीने म्हणाला, "गुरुजी, आत्याला घरकुल मिळवून द्यायचंय, त्यासाठी घराची नोंद नीट करतोय. रजिस्ट्रीत ओळख पटवायला माणसं लागतात." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो.

चार पानांचा कागद होता. कारकुनाने आत्याबाईंना विचारलं, "आजी, वाचून दाखवलं का? कबूल आहे?"

"गुरुजी हायेत की," त्या म्हणाल्या. "त्यांनी वाचलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक ओळही वाचली नव्हती. पण तसं सांगायचं तर त्यांच्याशी बोलावं लागलं असतं, आणि माझा अबोला होता ना! मी मान हलवली. त्यांनी अंगठा दिला. मी सही केली, ठसठशीत, शाळेच्या दाखल्यावर करतो तशी.

ते हक्कसोडपत्र होतं. आत्याबाईंचा हिस्सा त्यांच्याच अंगठ्याने दिगंबरच्या नावावर गेला. पावसाळा संपायच्या आत त्याने घर एका व्यापाऱ्याला गोदामासाठी विकलं. वाटोळं होवो त्याचं! माझ्या कुलपाविरुद्ध शपथा घेणारे म्हातारे आता म्हणायला लागले, "कागद झाला म्हणल्यावर काय करता?" बसायला सगळ्यांच्या ओसऱ्या होत्या, पण एकही जण व्यापाऱ्याच्या पायरीवर जाऊन बसला नाही. आणि आत्याबाईंचाही मला राग येतो. दुसऱ्याच्या चौकातली वाट जिवापाड राखणाऱ्या बाईने स्वतःचं घर असं दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोडून द्यावं?

मी वकिलाकडे गेलो, कोर्टात उभा राहून सगळं कबूल करतो म्हणालो. आत्याबाईंनीच मोडता घातला. "भावाचं येकच लेकरू हाय. त्याला कोर्टात वढू व्हय?" आमच्याकडे राहा म्हटलं, तर म्हणाल्या, "पाण्याला आले तुमच्या घरातून, ऱ्हायला कशी यिऊ?"

सिरसाळ्याला त्यांचे दीर राहतात. तिकडे जायच्या दिवशी मी त्यांचं बोचकं घेऊन एस.टी. स्टँडवर गेलो. त्यांना खिडकीजवळ बसवून दिलं आणि खाली उभा राहून दिगंबरचा उद्धार करत होतो. त्यांनी मला हाताने थांबवलं.

"शिव्या दिऊ नगा त्याला. तुमी रागात हुता, ते मला ठावं हुतं गुरुजी. पर वाचलं असंल, असं वाटलं मला."

"न्हाई वाचलं, आत्याबाई."

चिडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. समजत नाही म्हणून विचारावं, तसं त्यांनी विचारलं,

"मंग मान का म्हून हलवली?"