उरलेल्या कण्यांची जिजी

जिजी माझ्या खोलीत आली की आधी पातेल्यावरचं झाकण उचलायची. नमस्कार, विचारपूस सगळं त्यानंतर. आत काही उरलेलं दिसलं की तिचा चेहरा खुलायचा. मी मात्र ओशाळायची, कारण माझ्याकडे रोजच काहीतरी उरायचं आणि त्यात माझ्या काटकसरीचा काही संबंध नसायचा. ते मलाच खाववत नसे, म्हणून उरायचं.

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. मी बावीस वर्षांची, आसेगावच्या शाळेत नवी मास्तरीण. शाळेमागच्या खोलीत राहायची. अमरावतीहून शिकून येताना सोबत एक स्टोव्ह, पाकक्रियेचं एक पुस्तक आणि समतेवर बरीच भाषणं घेऊन आले होते. जिजी शाळेत पाणी भरायची, झाडायची. ती बौद्ध, आणि आमचं घर सोवळ्याओवळ्याचं. पहिल्या दिवशी ती घागर घेऊन उंबऱ्याशी थांबली, तेव्हा मी तिला आत यायचा आग्रह केला आणि माणसं सगळी सारखी असतात, हे जवळपास पाच मिनिटं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “घागर जड हाये, बाई. सरका.”

कण्या तर कोणालाही जमतात, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. ज्वारीचा भरडा, पाणी, मीठ. शिजवायचं आणि ताकाबरोबर खायचं. मी एकटीसाठी शिजवल्या त्या पाच माणसांना पुरल्या असत्या. सकाळी पातेल्यात पळी उभी राहिली होती. वर्तमानपत्राखाली झाकून मी ते पातेलं शाळेमागे फेकायला निघाले, तर जिजी समोर. कुठं चालल्या, तिनं विचारलं. गाईला घालते, मी म्हटलं. तिनं मैदानभर नजर फिरवली. गाय कुठंच नव्हती. तिनं पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं.

घट्ट कण्या तिनं हातानं मोडल्या, त्यात मूठभर बेसन, लसूण-मिरची, जिरं आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातली, ताकानं सैल केलं. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला आणि पीठ ओतलं. कडा सुटेपर्यंत ती हात बांधून बसून राहिली. मी तिला आंबवलेल्या पदार्थांतल्या जीवनसत्त्वांविषयी सांगत होते. धिरडं खाल्ल्यावर जीवनसत्त्वं विसरून दुसरं मागितलं.

पुढं मीही शिकायला बसले. मी सराटा, म्हणजे उलथनं, घातला की धिरड्यात फूट पडायची. एक गट तव्याला धरून राहायचा, दुसरा सराट्याबरोबर यायचा. “तव्याले घाई नाई, तुमाले हाये,” जिजी म्हणायची. एकदा मी उरलेल्या अन्नाची लाज वाटते म्हटलं, तर ती हसली नाही. दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तेव्हा रात्रीच्या कण्यांत पाणीच जास्त असे आणि सकाळी भांडं कोरडं. “ज्या घरात उरते ना बाई, ते घर बरं,” तिनं एवढंच सांगितलं.

त्या हिवाळ्यात मंगरूळपीरहून एस.टी.नं आई आणि आत्या मला पाहायला आल्या. सकाळी त्यांच्या आंघोळी होईस्तोवर जिजीनं आठ धिरडी करून ठेवली आणि ती पाण्याला गेली. आत्यानं पहिला घास घेतला आणि कौतुकानं विचारलं, कोणी केली? मी म्हटलं, “मी.”

मान वळवली तर दारात घागर घेऊन जिजी उभी. आत्यानं आणखी एक, गरम, मागितलं. ते मला करावं लागलं आणि त्याचे चार तुकडे झाले. जिजी घागर ठेवून निघून गेली. ही कोण, असं आत्यानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, शाळेत पाणी भरते. त्या सकाळी मी खरं बोलले ते एवढंच, आणि तेच सर्वांत वाईट होतं.

पाहुण्या गेल्यावर तीन दिवस जिजीनं झाकण उचललं नाही. घागर उंबऱ्याशी ठेवून जायची. चौथ्या दिवशी मी तिला अडवलं आणि मनात घोकलेली माफी सुरू केली. आत्याचा स्वभाव, आईची तब्येत, समाजाची रीत, सगळं त्यात होतं. तिनं मला मध्येच थांबवलं.

“धिरडी खाल्ली त्याचं काई नाई. माझं नाव काहून खाल्लं?”

मी त्याच दुपारी आईला पत्र लिहिलं: धिरडी जिजीनं केली होती, जिजी कोण आहे, आणि मी घाबरून खोटं बोलले. टाकण्याआधी जिजीला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. पंधरा दिवसांनी आईचं उत्तर आलं. आत्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. शेवटी एक ओळ होती: जिजींना धिरड्यांचं प्रमाण विचारून कळव. जिजी म्हणाली, प्रमाण नसते, उरलं किती त्यावर हाये.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. सामान न्यायला आई एकटीच आली. निघायच्या सकाळी जिजीनं आम्हाला तिच्या घरी बोलावलं. आई दाराशी क्षणभर थांबली, मग चपला काढून आत गेली आणि सतरंजीवर बसली. तिनं तीन धिरडी खाल्ली. एवढ्या कण्या कशा उरल्या, तिनं विचारलं. जिजी तव्याकडे बघत म्हणाली, “राती मुद्दाम जास्त शिजवल्या. तुमी येणार होत्या ना.”

त्यानंतर जिजीची भेट झाली नाही. ती गेल्याचं मला एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं, तेही वर्षभरानं.

जिजीकडे जेवून निघालो त्या दिवशी एस.टी.त आई माझ्या शेजारी बसली होती. मंगरूळपीर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, “आत्यांना काय सांगायचं?”

“जिजीकडे जेवलो म्हणून.”

तिनं पदर नीट केला. म्हणाली, “मी सांगते. तू नीट सांगणार नाहीस.”