उडी न मारलेले सातजण

मार्गरेटबाईंचा फोन आला तेव्हा मी क्लिनिकमध्ये पेशंट तपासत होते. "हॅरी गेला," त्या शांतपणे म्हणाल्या. "सकाळी, चहा घेता घेता..." चौऱ्याऐंशी वर्षांच्या शेजाऱ्याचं जाणं अनपेक्षित नव्हतं. तरी पुढच्या पेशंटला मी थोडा वेळ बाहेरच थांबवलं.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आम्ही आलो तेव्हा माझी हॉस्पिटलची ड्यूटी असायची आणि हे आठवडाभर नोकरीसाठी ब्रॅकनेलला. चार वर्षांची इरा या जोडप्याच्याच घरात वाढली. हॅरी युद्धात बॉम्बर विमानावर होते, त्यांना शौर्यपदक मिळालंय, एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. खोदून विचारलं की हसायचे. "मी नकाशे बघायचो, डॉक्टर. बसल्या जागेचं काम!"

इरा दहा वर्षांची झाली आणि शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने त्यांना सरळच विचारलं, भीती वाटली होती का म्हणून. मग धावत घरी आली. "आई, हॅरीआजोबा सगळी गोष्ट सांगतायत! तू पण चल ना." मी कणकेच्या हातांनी तशीच गेले.

जर्मनीतल्या तेलाच्या कारखान्यावर भर दुपारी हल्ला करून त्यांचं विमान परत फिरत होतं. तोफगोळा फुटला. पायलट जॅकच्या मांडीत तुकडे घुसले, एक इंजिन बंद पडलं, विमानाला भगदाड पडलं आणि हॅरींच्या टेबलावरचे नकाशे त्यातून उडून गेले. जॅकने सगळ्यांना उडी मारायला सांगितलं. तेवढ्यात शेपटाकडचा तोफची, लेन, इंटरकॉमवर बोलला, "माझं पॅराशूट जळालंय. तुम्ही जा." लेन एकोणीस वर्षांचा होता.

"मग?" इराने विचारलं.

"मग काय... मी जॅकला घरची दिशा सांगितली. 'दोन-सात-शून्य धर.' म्हणजे सरळ पश्चिमेला."

एकानेही उडी मारली नाही. एकाने जॅकला मागून धरून ठेवलं, दुसऱ्याने त्याचा पाय बांधला. हॅरी सूर्य, घड्याळ आणि आठवण यांवर दिशा सांगत राहिले. समुद्र ओलांडून विमान इंग्लंडच्या एका शेतात पोटावर घसरत थांबलं. सातच्या सात जिवंत! पदकं मात्र जॅकला आणि त्यांना, दोघांनाच मिळाली, याची रुखरुख हॅरींना कायम होती.

"आणि हो, भीती वाटली होती," ते इराला म्हणाले. "अजूनही एक गोष्ट छळते. खालीही माणसं होती. माझ्या आईचं घर याच शहरात बॉम्बने जळलं होतं, त्यामुळे ते मला चांगलं कळत होतं." इराने ते वाक्यही वहीत लिहून घेतलं.

अंत्यसंस्काराला लेन आला. ऐंशी ओलांडलेला, काठी टेकत, आणि मागे सगळं खटलं. तीन मुलं, सुना-जावई, नातवंडं, कडेवर एक पणती. नंतर सगळे चहाला हॅरींच्या बैठकीच्या खोलीत जमले. खुर्च्या पुरेनात, मुलं जिन्यावर बसली, इरा सँडविचची ताटं डोक्यावर धरून वाट काढत होती. लेनने काठी आपटून सगळ्यांना उभं राहायला लावलं.

"मार्गरेट," तो म्हणाला, "हॅरीने त्या दुपारी घरी कुणाकुणाला आणलं, बघून घे."

मार्गरेटबाई एकेक चेहरा निरखत राहिल्या. त्या एवढ्याशा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.