तोंडी दिलेले पत्ते

यतीन दिघेला आताशा कशाचंच काही वाटत नाही असं इंदूरच्या राजेंद्र नगरात म्हणतात, आणि ते खोटं नाही. दोन वर्षांपूर्वी बायको, प्रेमलता, वारली तेव्हापासून हा माणूस भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवून उठतो. कुलर बिघडला तर बिघडलेल्या कुलरसमोर झोपतो. कुणी विचारलं, "यतीनजी, कसं काय?" की "चलता है" म्हणून पुढे. आधी असा नव्हता. आधी क्रिकेटवरून भांडायचा, चहा गार आला तर परत पाठवायचा. हल्ली गार चहाही पितो.

कामाचा मात्र पक्का. आजोबा मिलमध्ये कारकून, वडील रेल्वेत, आणि हा रामभाऊ मुजुमदारांच्या इंटरनेट कंपनीत. रामभाऊ मूळचे केबल टीव्हीवाले. त्यांनी इंटरनेटचा घाट घातला तेव्हा पहिला नोकर यतीन. पुढे इंदूरजवळच्या सांवेरकडे तारा ओढायला गेले तिथे लक्ष्मण पोतनीस भेटला, तिथल्या शाळामास्तरांचा मुलगा. सांवेरचं काम त्याने स्वतःच्या हिमतीवर उभं केलं आणि तो या दोघांच्या जोडीला तिसरा झाला.

इंटरनेटवर यायचं तर आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे हे आकडे साऱ्या जगात संपल्यात जमा आहेत. नवी लांबलचक पद्धत आली आहे, पण जुन्यावाचून अजून कोणाचंच भागत नाही. रामभाऊंनी बारा-तेरा वर्षांपूर्वी, अगदी शेवटच्या वाटपात, हजारभर पत्ते मिळवले. आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेकडे ते कंपनीच्या नावावर चढले आणि संपर्काचा माणूस म्हणून यतीनचं नाव लागलं. वाटपाची अट अशी की पाच वर्षं हे पत्ते दुसऱ्याला देता येणार नाहीत. त्यानंतर द्यायचे तर घेणाऱ्याने गरज दाखवायची, देणाऱ्याच्या नोंदलेल्या माणसाने होकार भरायचा, मग नाव बदलणार. घराच्या रजिस्ट्रीसारखंच आहे. राहतो कोण हे कुणी विचारत नाही, नावावर कुणाच्या आहे ते बघतात.

आता यात जो घोळ झाला तो आमच्या इंदूरच्या माणसांनीच घालावा. पत्ते मिळाले त्या आठवड्यात रामभाऊ या दोघांना घेऊन खजरान्याच्या देवळात गेले. गणपतीपुढे नारळ फोडला, लाडवाचा प्रसाद लक्ष्मणच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "यातला चौथा हिस्सा तुझा. सांवेर तू संभाळ. बाप्पासमोर बोललो, अब कागज का क्या काम?" अट मोडायची नव्हती म्हणून सध्या नुसतं वापरायचं, नाव पाच वर्षांनी चढवायचं, असं ठरलं.

पाच वर्षं होऊन गेली. यतीनने आठवण करून दिली तर लक्ष्मणच बिचकला. "गणपतीपुढे दिलंय ना भिया? आता कागद मागितला तर रामभाऊंना वाटेल, याचा भरोसा उठला." रामभाऊ म्हणाले, जाऊ दे. यतीननेही जाऊ दिलं. तिघेही शहाणे, आणि तिघांनाही नियम तोंडपाठ. देवासमोरचा शब्द देवाला ठाऊक. नोंदणी संस्थेला तो सांगणार कोण?

गेल्या वर्षी रामभाऊ वारले. त्यांची मुलगी निवेदिता बंगलोरला असते. तिने कंपनी मिटवायला घेतली. घरोघरची गिऱ्हाइकं एका मोठ्या कंपनीने घेतली आणि यतीनलाही तिथे जागा मिळाली. पत्ते पुण्याची एक कंपनी घेणार होती. तिची गरज मंजूर झाली होती, फक्त यतीनचा होकार बाकी होता.

यतीनने निवेदिताला फोनवर विचारलं, "चौथा हिस्सा लक्ष्मणकडे चालू आहे. तेवढा वगळता येईल का? नियमात तुकडा वेगळा करता येतो."

"काका, सगळ्याचा करार सही होऊन गेला. बाबांनी मला कधी सांगितलंच नाही. कहीं लिखा है क्या?"

"नाही."

"मग मी काय करू, सांगा ना."

ती खरंच विचारत होती. आवाजात लबाडी नव्हती, थोडी भीती होती. यतीन म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. पुन्हा विचारायला हवं होतं हे त्याला कळत होतं. पण कळणं आणि हालणं यांच्यामध्ये हल्ली त्याचं काहीतरी तुटलेलं होतं.

मग पुण्याहून मेल आली. होकार भरण्याआधी एका प्रश्नाचं लेखी उत्तर हवं होतं: यांपैकी कोणतेही पत्ते तिसऱ्या कुणाच्या वापरात आहेत का? शुक्रवारी दुपारपर्यंत कळवावे. हो लिहिलं तर व्यवहार मोडणार आणि निवेदिता तोंडघशी पडणार. नाही लिहिलं तर ते धडधडीत खोटं.

गुरुवारी सकाळी तो मोटरसायकलने सांवेरला गेला. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. त्याने ते पाहिलं आणि पाहिलं नाही. खताच्या दुकानावर, वरच्या खोलीत, लक्ष्मणचं ऑफिस. यतीनने करार, मेल, तो प्रश्न, सगळं एका सुरात सांगून टाकलं, वीजबिल वाचावं तसं.

लक्ष्मणच्या हिश्श्याच्या पत्त्यांवर मंडीचे कॅमेरे होते, ट्रक तोलायचे धर्मकाटे होते, दूध डेअरीची मशीनं होती, आणि त्याच्या दारावरची त्याच्याच नावाची पाटी होती. पत्ते गेले की त्याला मोठ्या कंपनीची एजन्सी घ्यावी लागणार. मग पाटी त्यांची, नियम त्यांचे, आणि लक्ष्मण त्यांचा माणूस.

"कब तक लिखना है?" त्याने विचारलं.

"उद्या दुपारी."

"ठीक आहे. जेवून जा. आमच्या ताईने दाल-बाफले केलेत."

यतीन जेवला. चव कळली नाही. लक्ष्मणने विनवणी केली नाही, रामभाऊंचं नाव काढलं नाही, गणपतीचंही नाही. निघताना फक्त म्हणाला, "गाडी सावकाश चालव."

शुक्रवारी सकाळी यतीन ऑफिसात मेल उघडून बसला. उत्तराच्या रकान्यात त्याने "हो" लिहिलं, पुसलं. "नाही" लिहिलं, तेही पुसलं. मग सवयीने पत्त्यांची पाहणी उघडली. कोणते पत्ते कुठून चालू आहेत ते त्यात दिसतं. सांवेरची ओळ नव्हती. त्याने पुन्हा पाहणी केली. नव्हतीच. लक्ष्मणने आपल्या हाताने आपले पत्ते बंद केले होते, आणि जगाच्या लेखी सांवेरला आता कोणीही ते वापरत नव्हतं.

त्याने फोन लावला. पलीकडे माणसांचा गलका होता, कुणीतरी धर्मकाटा बंद पडल्याबद्दल ओरडत होतं.

"बघितलंस ना?" लक्ष्मण म्हणाला. "आता लिही. अब झूठ नहीं है."

दोन वर्षांत पहिल्यांदा यतीनला लाज वाटली, आणि ती इतकी जुनी ओळखीची वाटली की तो थोडा दचकला.

"मी निवेदिताला एकदाच विचारलं, लक्ष्मण. पुन्हा विचारायला हवं होतं."

"माहीत आहे. मी म्हटलं असतं तर तू विचारलंही असतंस. ती बिचारी अडकली असती, तूही अडकला असतास. म्हणून मी म्हटलं नाही." मागचा गलका वाढला. "चल, ठेवतो. इथे लोक शिव्या देतायत."

फोन बंद झाला. यतीनने रकान्यात "नाही" लिहिलं आणि पाठवलं.